४३ हजार कोटींचा प्रकल्प ७३ हजार कोटींवर कसा जातो? पेट्रोकेमिकल कारखान्याच्या खर्चाचं गणित सोप्या भाषेत

राजस्थानात पचपदरा नावाचं गाव आहे. पूर्वी बाडमेर जिल्ह्यात होतं, आता बालोतरा जिल्ह्यात येतं. मीठ पिकवणारा हा वाळवंटी भाग. तिथे हिंदुस्तान पेट्रोलियम आणि राजस्थान सरकार मिळून तेलशुद्धीकरण आणि पेट्रोकेमिकलचा एकत्र कारखाना उभा करत आहेत. कंपनीचा वाटा ७४ टक्के, राज्य सरकारचा २६ टक्के. २०१३ मध्ये भूमिपूजन झालं तेव्हा खर्च सांगितला होता सुमारे ३७,२०० कोटी. जानेवारी २०१८ मध्ये काम नव्याने सुरू झालं तेव्हा आकडा झाला ४३,१२९ कोटी. पुढे सुधारित अंदाज आला तो ७२,९३७ कोटींचा. म्हणजे २०१८ च्या आकड्यावर जवळपास ३० हजार कोटींची वाढ.

एवढे पैसे गेले कुठे? कोणी खाल्ले का? असा प्रश्न चावडीवर पहिला येतो. भ्रष्टाचार कुठेच नसतो असं कोणी म्हणणार नाही. पण एवढ्या मोठ्या कारखान्यांचा खर्च वाढण्याची बहुतेक कारणं सरळ असतात आणि ती सुरुवातीलाच ओळखता येतात. आपल्याकडे कोकणात रिफायनरीची चर्चा वर्षानुवर्षं सुरू आहे. रायगडच्या उसरला गेलचा प्लास्टिकचा कच्चा माल बनवणारा प्रकल्प आहे. आपली आयटीआय झालेली पोरं फिटर, वेल्डर म्हणून दहेज, जामनगर आणि आखातात जातात. म्हणून हे गणित आपल्यालाही कळलेलं बरं.

पेट्रोकेमिकल म्हणजे काय?

कच्च्या तेलातून निघणारा नाफ्था किंवा नैसर्गिक वायू प्रचंड तापवून तोडतात. त्यातून इथिलीन, प्रोपिलीन असे वायू मिळतात. त्यांच्यापासून प्लास्टिकचे दाणे बनतात. खताची गोणी, ठिबकची नळी, मल्चिंग पेपर, पाण्याची टाकी, पाइपलाइन हे सगळं त्याच दाण्यांतून येतं.

यासाठी लागणाऱ्या भट्ट्या, कॉम्प्रेसर आणि उंच मनोरे बाजारात तयार मिळत नाहीत. ते ऑर्डर देऊन बनवून घ्यावे लागतात आणि काही यंत्रं हातात पडायला दीड-दोन वर्षं लागतात. त्याशिवाय शेकडो किलोमीटर पाइप, केबल, पोलादी सांगाडे, वीज, पाणी, रस्ते, साठवण टाक्या. पचपदऱ्याचंच बघा. तिथे वर्षाला ९० लाख टन कच्चं तेल लागणार. त्यातलं १५ लाख टन राजस्थानच्याच विहिरींचं, बाकी ७५ लाख टन परदेशातून गुजरातच्या मुंद्रा बंदरात उतरवून पाइपलाइनने आणायचं. कारखान्याच्या कुंपणाबाहेरही केवढा खर्च असतो ते यावरून लक्षात यावं.

पहिला आकडा हा फक्त अंदाज असतो

मंत्री किंवा कंपनीचे साहेब व्यासपीठावरून जो आकडा सांगतात, तो कशावर काढलेला असतो हे कोणी विचारत नाही. इथेच फसगत होते.

अगदी सुरुवातीला जागा पक्की नसते, नकाशा नसतो. कुठे तरी असाच कारखाना झाला, तो एवढ्याला पडला, आपला एवढा मोठा आहे, मग एवढे लागतील, असा तो हिशेब. या टप्प्यावरचा आकडा खरा खर्च दीडपट-दुप्पट होण्याइतका चुकू शकतो आणि त्यात कोणाची लबाडी असेलच असं नाही. नंतर माती तपासली, कोणतं तंत्रज्ञान घ्यायचं ते ठरलं, यंत्रांची यादी झाली, पुरवठादारांचे भाव आले, की आकडा घट्ट होत जातो. पूर्ण प्राथमिक आराखडा झाल्यावर साधारण दहा-पंधरा टक्के इकडे-तिकडे एवढ्यावर येतो. त्यानंतरच पैसे गुंतवायचा अंतिम निर्णय घ्यावा, असा या धंद्याचा जुना नियम आहे.

हा प्राथमिक आराखडा करायला खर्च येतो, तो एकूण प्रकल्पाच्या काही टक्केच असतो. पण घाई असते. निवडणूक जवळ आलेली असते, दुसरी कंपनी पुढे जाईल अशी भीती असते. मग अर्धवट आराखड्यावरच कंत्राटं निघतात. कागदावर रेघ पुसायला रबर पुरतं, उभी भिंत पाडायला मजूर लागतात. खर्चावरचा ताबा खरा असतो तो रबर चालतं तोपर्यंत. एकदा काँक्रीट पडलं की फक्त नुकसान कमी करता येतं.

नाणारच्या रिफायनरीसाठी ३ लाख कोटी रुपये हा आकडा आपण सगळ्यांनी ऐकला. वर्षाला ६ कोटी टन क्षमतेचा तो बेत होता. मार्च २०१९ मध्ये तिथली जमिनीची अधिसूचना रद्द झाली. जागाच पक्की नसताना सांगितलेला असा आकडा पहिल्या टप्प्यातला असतो. तो छापून आला म्हणून पक्का होत नाही.

जमिनीखाली काय आहे?

विहीर खोदणाऱ्याला हे समजावायला नको. वीस फुटांवर पाणी लागेल म्हणून काम धरलं आणि दहा फुटांवर काळा कातळ लागला, की सुरुंगाचा खर्च, कॉम्प्रेसरचा खर्च आणि दिवस वाढले. कारखान्याचंही तसंच. शेकडो टन वजनाचा मनोरा उभा करायचा तर खालची जमीन कशी आहे हे आधी कळायला हवं. कातळ असेल तर फोडायचा खर्च, भुसभुशीत असेल तर खोल पायल ठोकायचा खर्च.

अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात लेक चार्ल्स इथे दक्षिण आफ्रिकेच्या सासोल कंपनीने वर्षाला १५ लाख टन इथिलीनचा कारखाना बांधला. ऑक्टोबर २०१४ मध्ये निर्णय झाला तेव्हा खर्च धरला होता ८९० कोटी डॉलर. २०१६ मध्ये तो १,१०० कोटींवर गेला. कारणं सांगताना कंपनीने जमिनीखालची खराब स्थिती, नेहमीपेक्षा जास्त पाऊस आणि मजुरीचा वाढलेला खर्च ही नावं घेतली. म्हणजे एवढी मोठी कंपनी, अमेरिकेसारखा देश, तरी माती आणि पावसाने हिशेब मोडला.

एप्रिल २०२३ मध्ये राजापूर तालुक्यात बारसूच्या सड्यावर माती परीक्षणासाठी भोकं मारायला सुरुवात झाली आणि मोठं आंदोलन झालं, हे आपल्याला आठवत असेल. प्रकल्प हवा की नको हा वेगळा विषय. पण माती परीक्षण कशासाठी असतं ते कळलं पाहिजे. त्यावरून पायाचा खर्च ठरतो आणि ती जागा परवडते का हेही ठरतं. ते कमी भोकं मारून उरकलं तर पुढे त्याची किंमत मोजावी लागते.

कंपन्या एवढा अवाढव्य कारखाना का मागतात?

गावकरी विचारतात, छोटा कारखाना काढा ना, एवढी हजारो एकर कशाला? याचं उत्तर खर्चातच आहे. या धंद्यात जुना ठोकताळा आहे, क्षमता दुप्पट केली तर खर्च दुप्पट होत नाही, साधारण दीडपट होतो.

पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणा. हजार लिटरच्या टाकीला जेवढा पत्रा लागतो, त्याच्या दुप्पट पत्रा दोन हजार लिटरच्या टाकीला लागत नाही, सुमारे एक पूर्णांक सहा पटीत भागतं. भट्टी, मनोरा, पाइप यांचंही तसंच. म्हणून प्रत्येक टनामागचा खर्च कमी करायला कारखाना मोठा करतात.

पण याला दुसरी बाजू आहे. कारखाना मोठा झाला की एकाच जागी हजारो मजूर, शेकडो क्रेन, डझनभर कंत्राटदार. एकाचं काम अडलं की दुसऱ्याची टोळी बसून राहते आणि बसलेल्या टोळीचाही पगार द्यावा लागतो. मोठेपणात वाचवलेला पैसा गोंधळात जाऊ शकतो.

आराखडा बदलला की खर्च वाढला

घर बांधताना काय होतं? जोतं झालं की घरातलं कोणी म्हणतं, स्वयंपाकघर पूर्वेला घ्या. स्लॅब पडल्यावर दुसरं कोणी म्हणतं, वर एक खोली काढूच. मिस्त्री नाही म्हणत नाही. शेवटी बिल बघितल्यावर घरमालक गप्प होतो.

मोठ्या प्रकल्पात याला चेंज ऑर्डर म्हणतात. भट्टीची जागा दहा मीटर सरकवली तर पाया बदलतो, पाइप बदलतात, केबल बदलते, नकाशे परत काढावे लागतात. तोवर मागवलेला माल पडून राहतो. शिवाय मूळ कामाला कंत्राटदारांमध्ये स्पर्धा होती म्हणून भाव कमी आला होता. जादा कामाला स्पर्धा नसते, जो जागेवर आहे तोच भाव सांगणार.

म्हणून जाणते प्रकल्पप्रमुख एक तारीख ठरवतात. त्या तारखेनंतर आराखड्याला कुलूप. सुरक्षेसाठी किंवा कायद्यासाठी लागेल तेवढाच बदल, तोही लेखी. खर्च किती, दिवस किती हे आधी लिहायचं, वरच्या अधिकाऱ्याची सही घ्यायची, मगच कामाला हात लावायचा. अमुक झालं असतं तर बरं झालं असतं, असल्या सुधारणा पुढच्या वेळेसाठी ठेवायच्या.

जामनगरला रिलायन्सने १९९९ मध्ये पहिली रिफायनरी सुरू केली आणि शेजारीच २००८ च्या अखेरीस दुसरी. दुसरी साधारण तीन वर्षांत उभी राहिली. दोन्हीला बेक्टेल ही अमेरिकी कंपनी अभियांत्रिकीसाठी होती. जागा ओळखीची, माती ओळखीची, बंदर तयार, पहिल्या वेळच्या चुका माहीत. एकदा केलेलं काम परत करण्याचा फायदा असा असतो.

रोजचं व्याज

पचपदऱ्याकडे परत येऊ. या प्रकल्पाची जागा आधी बाडमेर जिल्ह्यातल्याच लीलाळा गावाजवळ ठरत होती. तिथे शेतकऱ्यांनी जमिनीचा जास्त मोबदला मागितला आणि सरकारने २०१३ मध्ये प्रकल्प पचपदऱ्याला हलवला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भूमिपूजन झालं, डिसेंबरमध्ये राज्यात सरकार बदललं. नव्या सरकारने करार परत तपासायला घेतला. नवा करार व्हायला एप्रिल २०१७ उजाडलं आणि काम सुरू झालं जानेवारी २०१८ मध्ये. २०२२ मध्ये कारखाना सुरू करायचं ठरलं होतं. मध्ये कोविड आला, मजूर गावी गेले, पोलादाचे भाव वाढले, यंत्रांचा पुरवठा अडला. ठरलेली तारीख गेली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. फेरकरारामुळे राज्याचा फायदाही झाला. जुन्या करारात राजस्थान सरकार प्रकल्पाला दरवर्षी ३,७३६ कोटी रुपये बिनव्याजी कर्ज देणार होतं, तेही १५ वर्षं. नव्या करारात ते वर्षाला १,१२३ कोटींवर आलं. म्हणजे थांबून विचार करणं नेहमी वाईट नसतं. पण तो विचार भूमिपूजनाच्या आधी झाला असता तर चार वर्षं वाचली असती.

उशीर महाग का पडतो? एक हिशेब करून बघू. समजा कंपनीने १० हजार कोटींचं कर्ज काढलं आणि व्याज ९ टक्के आहे. वर्षाचं व्याज झालं ९०० कोटी, दिवसाचं जवळपास अडीच कोटी. कारखाना सुरू झालेला नाही, एक दाणाही विकलेला नाही, तरी हे मीटर पळतच राहतं. पीककर्ज काढून बियाणं आणलं आणि पाऊसच लांबला, तशी अवस्था. शिवाय क्रेनचं भाडं, साहेबांचे पगार, वॉचमन, गोदाम हे सगळं रोज चालू असतं.

म्हणून जमीन पूर्ण ताब्यात येण्याआधी, पर्यावरणाची मंजुरी मिळण्याआधी मोठी कंत्राटं देणं हे खर्च वाढवायचं हमखास कारण. कंत्राटदार येऊन बसतो, जागा मिळत नाही, तो नुकसानभरपाई मागतो आणि बहुतेक वेळा त्याला ती द्यावी लागते.

उक्तं काम द्यायचं की मोजून?

घर बांधायला देताना आपण दोन पद्धती वापरतो. एक उक्तं, म्हणजे सगळं मिळून एवढे घे आणि किल्ली हातात दे. दुसरी माल आपला, मजुरी मोजून. मोठ्या कारखान्यातही याच दोन पद्धती आणि त्यांचे मधले प्रकार असतात.

उक्त्या कामात मालकाला शेवटचा आकडा आधी कळतो. पण कंत्राटदार संभाव्य धोक्याचे पैसे आधीच भावात घालतो. त्याने घातले नाहीत तर नंतर माल हलका वापरतो किंवा प्रत्येक गोष्टीला जादा काम म्हणून बिल लावतो. त्यातही आराखडा अर्धवट असताना उक्तं दिलं तर ते नावापुरतंच उक्तं राहतं.

मोजून दिलेल्या कामात भाव खरा लागतो, बदल सोपा असतो. पण कंत्राटदाराला घाई नसते. जेवढे दिवस, तेवढे पैसे. मग मालकाचा माणूस रोज उभा राहायला हवा.

कोणती पद्धत चांगली याचं एकच उत्तर नाही. आराखडा जेवढा पक्का, तेवढं उक्तं काम परवडतं. जमिनीखालचं काम, जिथे काय लागेल ते माहीत नाही, तिथे मोजूनच बरं. आणि सगळ्यात कमी भावाची निविदा दर वेळी सगळ्यात स्वस्त पडते असंही नाही. कंत्राटदार मध्येच बुडाला तर अर्धं काम दुसऱ्याला द्यावं लागतं आणि दुसरा माणूस पहिल्याच्या कामाची हमी घेत नाही.

पैसे किती गेले यापेक्षा काम किती झालं?

हा मुद्दा सोपा आहे आणि सगळ्यात जास्त चुकतो. समजा १०० किलोमीटर पाइप टाकायला १०० कोटी धरले. अर्धी मुदत संपली, खर्च झाले ५० कोटी. कागदावर सगळं बरोबर दिसतं. पण प्रत्यक्ष जाऊन मोजलं तर पाइप पडला ३५ किलोमीटर. या चालीने पूर्ण काम १४३ कोटींच्या आसपास जाणार. हे आज कळलं तर टोळ्या वाढवता येतील, अडचण शोधता येईल. मुदत संपल्यावर कळलं तर फक्त बिल भरायचं.

खरा आकडा वर जायला हवा, पण तो सांगणाऱ्याला धाडस लागतं. सासोलच्या बाबतीत इथेच दगा झाला. फेब्रुवारी २०१९ मध्ये कंपनीने वाढीव अंदाज दिला आणि मे महिन्यात परत सांगितलं, आता १,२६० ते १,२९० कोटी डॉलर लागतील. तीन महिन्यांत एवढा फरक आला म्हटल्यावर चौकशी बसली. प्रकल्प सांभाळणाऱ्या मंडळींनी खरी माहिती वर देण्यापेक्षा जुना अंदाज आणि तारीख टिकवून दाखवण्यावर जास्त भर दिला, असं त्यातून पुढे आलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये कंपनीच्या दोन्ही मुख्य अधिकाऱ्यांना पद सोडावं लागलं. पुढच्याच वर्षी कर्ज कमी करण्यासाठी कंपनीने त्या कारखान्याच्या मुख्य भागातला अर्धा वाटा २०० कोटी डॉलरला विकला.

वाईट बातमी लवकर सांगणाऱ्याला ओरडा बसत असेल, तर तिथे वाईट बातमी उशिराच येणार.

वाढलेला खर्च शेवटी कोण भरतं?

कोणाला वाटेल, कारखाना महाग पडला तर कंपनी प्लास्टिकचा भाव वाढवेल. तसं होत नाही. दाण्याचा भाव जागतिक बाजारात ठरतो. आपल्याकडचा महाग झाला तर व्यापारी बाहेरून आणतो. म्हणजे कापसासारखंच, उत्पादन खर्च वाढला म्हणून बाजार जास्त भाव देत नाही. वाढलेला खर्च मालकाच्या अंगावर पडतो. आणि मालक सरकारी कंपनी किंवा सरकार असेल तर तो तुमच्या-आमच्या पैशावर पडतो.

गुजरातेत दहेजला ओएनजीसीच्या पुढाकाराने ओपाल हा मोठा पेट्रोकेमिकल कारखाना झाला. सुरुवातीचा अंदाज १२,४४० कोटी होता, पूर्ण होईपर्यंत तो २७ हजार कोटींच्या वर गेला. २०१७ मध्ये कारखाना राष्ट्राला अर्पण झाला. पण कर्जाचं ओझं एवढं होतं की पुढे ओएनजीसीला त्यात आणखी सुमारे १८ हजार कोटींचं भांडवल घालायला सरकारची परवानगी घ्यावी लागली.

आसामात दिब्रुगडजवळ लेपेटकाटाला ब्रह्मपुत्रा क्रॅकर हा कारखाना आहे. १९८५ च्या आसाम कराराशी जोडलेलं ते वचन. २००६ मध्ये ५,४६१ कोटींना मंजुरी मिळाली. २०११ मध्ये आकडा ८,९२० कोटी झाला आणि नंतर ९,९६५ कोटी. केंद्राचं भांडवली अनुदान २,१३८ कोटींवरून ४,६९० कोटींवर न्यावं लागलं. कारखाना फेब्रुवारी २०१६ मध्ये देशाला अर्पण झाला. तिथल्या लोकांना रोजगार मिळाला, हेही खरं. पण वाढलेल्या प्रत्येक कोटीत एखाद्या तालुक्याचे रस्ते किंवा दवाखाने अडकलेले असतात.

काटकसर कुठे करू नये?

खर्च आवरायचा म्हणून सगळीकडे कात्री लावणारे असतात. वेल्डिंगची तपासणी कमी करा, आगीची यंत्रणा पुढच्या टप्प्यात बघू, मजुरांना हेल्मेट-पट्टा नंतर देऊ. ही काटकसर नाही. तापलेल्या ज्वालाग्राही वायूच्या पाइपवर एक कच्चा जोड राहिला तर माणसं जातात आणि कारखानाही बंद पडतो. खर्च कमी करायचा तो नको असलेली गोष्ट न बांधून, एकच काम दोनदा न करून आणि निर्णय वेळेवर घेऊन.

दुसरी चुकीची बचत म्हणजे खालच्यांचे पैसे अडवणं. मोठ्या कंपनीचा आकडा फुगला की ती मुख्य कंत्राटदाराचं बिल धरते, तो पोटठेकेदाराचं धरतो आणि शेवटी अडकतो गावातला डंपरवाला, जेसीबीवाला आणि मजूर. डिझेल उधार, हप्ता थकलेला आणि मोठा ठेकेदार फोन उचलत नाही, ही गोष्ट प्रकल्पाजवळच्या गावांना नवीन नाही.

अशा वेळी उपयोगी पडेल असं थोडं:

– वर्क ऑर्डर लेखी घ्यावी. दर, काम, बिलाची मुदत त्यात असावी.
– रोजच्या फेऱ्या, तास यांच्या चिठ्ठीवर साइटवरच्या माणसाची सही त्याच दिवशी घ्यावी.
– जादा काम तोंडी सांगितलं तर निदान व्हॉट्सअॅपवर लिहून मागावं, मगच करावं.
– धंद्याची उद्यम नोंदणी करावी, ती मोफत असते. माल किंवा सेवा देणाऱ्या सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं असा २००६ चा कायदा आहे. उशीर झाला तर व्याज मागता येतं आणि ऑनलाइन तक्रार करता येते. निव्वळ बांधकामाच्या कंत्राटाला हा कायदा लागतो का, यावर कोर्टात वाद झालेले आहेत, म्हणून आधी जाणकाराला विचारावं.
– मजुरांची मजुरी ठेकेदाराने बुडवली तर ती देण्याची जबाबदारी कायद्याने मुख्य मालकावर येते. हजेरीचा पुरावा मात्र जपून ठेवावा.

पुढच्या वेळी आकडा ऐकला की हे विचारा

उद्या आपल्या जिल्ह्यात असा प्रकल्प जाहीर झाला, जनसुनावणी लागली, तर बाजूने असा की विरोधात, हे प्रश्न विचारायला कोणाची हरकत नसावी.

१. सांगितलेला आकडा कोणत्या टप्प्यावरचा आहे? नुसता अंदाज की पूर्ण आराखड्यावर काढलेला?

२. माती परीक्षण किती ठिकाणी झालं? अहवाल कुठे बघायला मिळेल?

३. जमीन, पाणी, रस्ता, मंजुऱ्या यातलं काय मिळालं आणि काय बाकी आहे?

४. अडचणीसाठी राखीव रक्कम किती धरली आहे?

५. खर्च वाढला तर कोण भरणार? राज्याचा वाटा असेल तर वरची मर्यादा करारात लिहिली आहे का?

६. स्थानिक पोटठेकेदार आणि मजुरांचे पैसे वेळेवर मिळतील याची हमी कोण घेणार?

या प्रश्नांची उत्तरं अधिकारी कागद काढून देत असतील तर प्रकल्पाची तयारी झालेली आहे असं समजायला जागा आहे. उत्तराऐवजी नुसतंच "विकास होणार, रोजगार येणार" ऐकू आलं, तर हिशेब अजून झालेला नाही, हे ओळखावं.